शेवटच्या कपाटाची पत्रं

गेल्या अंकात मी आमच्या वाचनालयातल्या शेवटच्या कपाटाबद्दल लिहिलं होतं. वाशिष्ठीच्या काठी, चिपळूण तालुक्यात, आमचं छोटं शासनमान्य वाचनालय आहे. बाकीची कपाटं पुस्तकांची, शेवटचं चित्रपटांचं, आणि त्यात फक्त बायकांच्या आयुष्याचे चित्रपट. पुस्तकासारखेच ते नोंदवहीत सही करून घरी न्यायचे, आठ दिवसांनी परत आणायचे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे कपाट मी सांभाळते. त्या लेखावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं प्रश्नोत्तरांचं पान माझ्याकडे सोपवलं. सगळ्यांना इथं उत्तर देणं जमलं नाही. जी पत्रं मी दोनदोनदा वाचली, ती घेतली आहेत.

ताई, आमचा बारा जणींचा बचत गट आहे. तुमचं वाचून आम्हालाही असं कपाट सुरू करावंसं वाटतं. गटाकडे आठ हजार रुपये शिल्लक आहेत. पण आमच्यातलीच एक म्हणते, हल्ली सगळं मोबाइलवर मिळतं, सीड्या कोण नेणार? — एक वाचक, ता. कराड

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धंच आहे. मोबाइलवर खूप मिळतं. पण मोबाइल कुणाचा, रिचार्ज कोण मारतं आणि संध्याकाळी तो कुणाच्या हातात असतो, हे एकदा गटात विचारून पाहा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींच्या घरी चांगला फोन एकच आहे आणि तो मुलाच्या अभ्यासाच्या नावाखाली मुलाकडे असतो. दुसरं असं, की मोबाइल जे पुढ्यात टाकतो तेच पाहिलं जातं. 'दोघी' पाहायचा, तर 'दोघी' नावाचा चित्रपट आहे हे आधी कुणीतरी सांगायला हवं. ते सांगणारं माणूस कपाटापाशी बसलेलं असतं.

आणि नोंदवहीची एक गोष्ट सांगते, कारण माझ्या मनात हे सगळं तिथून पक्कं झालं. कपाट सुरू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात एक मासेवाली बाई आल्या. बाजार आटोपून परत जाताना, टोपली बाहेर पायरीवर ठेवून. मी नाव विचारलं तर त्यांनी नवऱ्याचं नाव सांगितलं. मी म्हटलं, तुमचं सांगा. त्या म्हणाल्या, "माझं कशाला, त्यांच्याच नावावर करा की, सगळं तसंच आहे." मी वही त्यांच्याकडे फिरवली आणि पेन हातात दिलं. हाताला ओल होती, म्हणून त्यांनी आधी पदराला बोटं पुसली. मग एकेक अक्षर सुटं सुटं, प्रत्येकाची रेघ वेगळी ओढत, स्वतःचं नाव लिहिलं. थांबून विचारलं, पुढं आईचं लिहिलं तर चालतं का? चालतं म्हटलं. त्या दिवसापासून आमच्या सभासद नोंदवहीत वडिलांचा-पतीचा रकाना नाही. बाई स्वतःच्या नावानं चित्रपट घरी नेते, आणि तो आणून देईपर्यंत घरात ती वस्तू तिच्या नावावर असते. मोबाइलवर यातलं काही होत नाही.

आता पैशांचं. आठ हजारांत उत्तम सुरुवात होते, फक्त सगळे पैसे चित्रपटांवर घालू नका. ज्यांच्याकडे सीडी लावायचं यंत्र नाही अशा सभासद निम्म्याहून जास्त निघतील, म्हणून आधी दोन प्लेअर घ्या. एक साधा, टीव्हीला जोडायचा. दुसरा छोटा, स्वतःचा पडदा असलेला, जो उघडून मांडीवर घेता येतो. सेकंडहँड चालतात. हे प्लेअरही चित्रपटाबरोबर घरी द्यायचे. आम्ही त्यासाठी जाड कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या. आत प्लेअर, रिमोट, वायर आणि एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर चित्र काढलेलं: पिवळी पिन पिवळ्या भोकात, लाल लालमध्ये, पांढरी पांढऱ्यामध्ये. नव्या टीव्हींना कित्येकदा तीन भोकं नसतात, एकच बारकं असतं. त्याची वेगळी वायर मिळते, तीही पिशवीत टाका. वायर लागली नाही म्हणून चित्रपट न पाहता परत आला, असं आमच्याकडे सुरुवातीला फार झालं.

छोटा पडदावाला प्लेअर आमच्याकडे सर्वांत जास्त फिरतो. घरातला टीव्ही बातम्या आणि क्रिकेटला लागलेला असतो. दुपारी दोन ते चार, भांडी झाल्यावर आणि चहाच्या आधी, स्वयंपाकघरात ओट्यावर तो उघडून बायका चित्रपट पाहतात.

चित्रपट सुरुवातीला पंचवीस-तीसच ठेवा, पण प्रत्येक तुम्ही स्वतः पाहिलेला असू द्या. जुन्या सीडीच्या दुकानांत पूर्वी निघालेल्या मूळ सीड्या धूळ खात पडलेल्या असतात, तिथून घ्या. फक्त मूळ आहे ना हे बघा. नुसती मार्करनं नाव लिहिलेली असेल तर ती कॉपी आहे, फुकट मिळाली तरी घेऊ नका. मांडणी सालाप्रमाणे किंवा अकारविल्हे करू नका. आमच्या कपाटाचे पाच कप्पे आहेत: काम, लग्न, आई आणि मुली, गाव सोडून गेलेल्या, एकट्या. बाया येऊन तसंच मागतात, "आज कामाचं काहीतरी द्या."

आम्ही प्रत्येक चित्रपटामागे दहा रुपये भाडं घेतलं तर चालेल का? आणि महिला दिनाला सभागृहात चाळीस-पन्नास जणींना एकत्र चित्रपट दाखवायचा आहे. तिकीट नाही, फुकटच आहे. कुणी म्हणतं कायद्यात बसत नाही. — एक वाचक, परभणी

दोन्ही ठिकाणी जपून. ही गोष्ट मी नीट वाचून घेतली, कारण आपलं काम चांगलं आहे म्हणून कायदा आपोआप आपल्या बाजूचा होत नाही.

चित्रपट भाड्यानं देण्याचा हक्क 1957च्या कॉपीराइट कायद्यानं चित्रपटाच्या मालकाला दिलेला आहे. पण 2012च्या दुरुस्तीत एक व्याख्या आली, कलम 2 (एफए). तिचा अर्थ असा: रीतसर विकत घेतलेली प्रत नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयानं नफ्याशिवाय वाचकाला दिली, तर ते व्यापारी भाडं धरलं जात नाही. आणि असं ग्रंथालय कोणतं, तर ज्याला सरकारी अनुदान मिळतं किंवा ज्याला आयकर कायद्याखाली करातून सूट आहे. बचत गट यात बसत नाही. म्हणूनच कराडच्या मैत्रिणींनाही माझं सांगणं आहे की वेगळं दुकान मांडू नका. गावातलं वाचनालय 1967च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता घेऊन अनुदानावर चालत असेल, तर त्यांच्याकडे जा आणि एक कपाट मागा. कार्यवाहांना हे कलम छापून दाखवा. चित्रपट वाचनालयाच्या नावानं, पावतीवर घ्या आणि दाखल नोंदवहीत चढवा. देवघेव तुम्ही बघा. दर चित्रपटामागे भाडं नको. पुस्तकांची असते तशी वर्गणी आणि परत मिळणारी अनामत, एवढंच.

सभागृहाचं वेगळं आहे. घरी न्यायला दिलेला चित्रपट घरी पाहण्यासाठी असतो. पन्नास जणींना जमवून दाखवणं म्हणजे सार्वजनिक दाखवणं, मग तिकीट असो वा नसो. त्यासाठी चित्रपटाच्या मालकाची लेखी परवानगी हवी आणि चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्रही असायला हवं. परवानगी मागायला मात्र घाबरू नका. मोठ्या कंपन्यांचं मला सांगता येत नाही, पण माहितीपट करणाऱ्या बायकांना मी पत्रं पाठवली आहेत. साधं पत्र, कुठं दाखवणार, किती जणी, पैसे घेणार नाही. बहुतेकींनी आनंदानं होकार कळवला, आणि एकीनं उलट विचारलं की बायका पाहून काय म्हणाल्या ते मला कळवाल का. ते पत्र आम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे.

मी पुण्यात चार घरची धुणीभांडी करते. ज्यांच्याकडे काम करते त्या ताईंनी तुमचा लेख मला वाचून दाखवला आणि हे पत्रही त्याच लिहीत आहेत. सिनेमात आमच्यासारखी बाई चहाचा ट्रे आणून ठेवते आणि निघून जाते. आमच्यावर काढलेला सिनेमा आहे का? — पुणे

आहे. आणि तो तुमच्याच पुण्यात काढलेला आहे.

1980 साली दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी 'युगांतर' नावाचा गट काढला. बायकांच्या चळवळींबरोबर बसून, त्यांच्याशी बोलून, त्यांच्याच तोंडून चित्रपट करायचे, असं त्यांनी ठरवलं. त्यांचा 1981चा चित्रपट आहे 'मोलकरीण'. काळा-पांढरा, अर्ध्या तासाहून कमी, आणि मराठीत. पुण्यात त्या वेळी घरकाम करणाऱ्या बायका पगारवाढीसाठी आणि सुट्टीसाठी एकत्र येत होत्या, संघटना बांधत होत्या. तो सगळा काळ त्यात आहे. त्यात कुणी नटी नाही. काम करणाऱ्या बायकाच बोलतात. आता जुन्या प्रती दुरुस्त करून हा चित्रपट इंटरनेटवर पाहण्यासाठी ठेवलेला आहे. ताईंना सांगा, मोबाइलवर 'युगांतर' आणि 'मोलकरीण' असं शोधून द्या. आणि ताईंनी तो तुमच्याबरोबर बसून पाहावा, एका पातळीवर, दोघींनी खुर्चीत. ताई, हे तुमच्यासाठी लिहिलं आहे, तुम्हीच वाचून दाखवणार आहात म्हणून.

आमच्याकडे हा चित्रपट एकीनं पाहिला आणि दुसऱ्या दिवशी येऊन पहिला प्रश्न विचारला तो असा: या बायका आता कुठं असतील? मला फार वाईट वाटलं, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एवढं सांगितलं, की त्यांनी मागितलेल्यातलं थोडं पुढं कागदावर आलं. 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. तुमची नोंदणी झाली आहे का? नसेल तर कामगार कार्यालयात जाऊन चौकशी करा. ताईंनी बरोबर जावं.

त्याच गटाचा 1982चा आणखी एक चित्रपट निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांवर आहे. तोही पाहा. वखारीतली ती तंबाखूची धूळ आणि तोंडाला फडकं बांधून बसलेल्या बायका पाहताना मलाच खोकल्यासारखं झालं.

आणि सुमित्रा भावे यांचं नाव लिहून ठेवा. त्या मुळात सिनेमाच्या नव्हत्या, समाजाचा अभ्यास करणाऱ्या होत्या. झोपडपट्टीतल्या बायकांवर संशोधन केलं, आणि मग त्यांच्या मनात आलं की हे ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना तर ते वाचता येणार नाही. म्हणून 1985 साली त्यांनी 'बाई' हा छोटा चित्रपट केला. दारुड्या नवऱ्याशी झगडत मुलं वाढवणाऱ्या, झोपडपट्टीत राहणाऱ्या बाईची गोष्ट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला त्यामागचा विचार मोठा वाटतो: जिची गोष्ट आहे तिला ती परत नेऊन द्यायची. आमचं कपाट त्याच विचारावर उभं आहे. सुमित्राताई एप्रिल 2021मध्ये गेल्या. त्या महिन्यात करोनामुळे वाचनालय बंद होतं, तरी सभासदांचे फोन येत होते, कपाट उघडाल तेव्हा त्यांचा 'दोघी' माझ्यासाठी ठेवा म्हणून.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मी आणलेला चित्रपट लावला की म्हणतात, बायकांचे सिनेमे म्हणजे नुसतं रडं, आमच्या वाट्याला आलं तेवढं पुरे झालं, देवाधर्माचं काहीतरी लाव. काय लावू? — सांगली

सासूबाईंचं ऐका. त्या वयात माणसानं स्वतःचं दुःख पुन्हा पडद्यावर बघावं असा हट्ट आपण धरू नये.

त्यांना 1936चा प्रभातचा 'संत तुकाराम' लावून द्या. देवाधर्माचाच आहे. आणि तुम्ही शेजारी बसून फक्त आवलीकडे लक्ष ठेवा. गौरी नावाच्या अभिनेत्रीनं ती केली आहे. नवरा अभंगात, घरात दाणा नाही, पोर आजारी. ती पोराला ओढत देवळात नेते आणि वहाण उगारून पांडुरंगाला जाब विचारते. माझ्या आईनं हा चित्रपट कितीदा पाहिला असेल, आणि त्या जागी दर वेळी ती पुटपुटायची, "बरोबर बोलली." इतकी भाविक माझी आई, पण तिथं ती आवलीच्या बाजूनं असायची. सासूबाई काय म्हणतात ते बघा. मग 1941चा 'संत सखू' लावा. त्यात सखू झाली आहे हंसा वाडकर. सासुरवासाची गोष्ट आहे, पण पांडुरंग मदतीला धावून येतो म्हणून म्हाताऱ्या माणसांना ती गोड लागते. सासूबाईंना हंसाबाई आवडल्या, तर 'सांगत्ये ऐका' हे त्यांचं आत्मकथन तुम्ही वाचा, आणि त्यावर बेतलेली स्मिता पाटीलची 1977ची 'भूमिका' नंतर एकटीनं पाहा.

रडं नको असेल तर हिंदीतला 2012चा 'इंग्लिश विंग्लिश' आहेच. लाडू करणारी शशी गोडबोले. ती न्यूयॉर्कला कॉफीच्या दुकानात ऑर्डर देताना गडबडते तिथं आमच्या एका सभासदानं चित्रपट थांबवला, पाणी प्यायली आणि मग पुढचा पाहिला. तिला बँकेचा काउंटर आठवला म्हणाली. शेवटी मात्र ती हसत आली होती, आणि दुसऱ्या आठवड्यात जाऊबाईंना घेऊन आली.

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. स्त्रियांच्या कथा म्हणजे स्त्रियांनीच दिग्दर्शित केलेले चित्रपट असायला नकोत का? तुमच्या यादीत पुरुषांचे चित्रपट बरेच दिसतात. — औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

तू विचारलंस ते मीही स्वतःला विचारलं आहे, म्हणून सरळ सांगते. तसा नियम केला तर जुनं जवळजवळ काहीच उरणार नाही. आपल्याकडे बाईनं दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 1926 सालचा, फातमा बेगम यांचा 'बुलबुल-ए-परिस्तान'. त्याची प्रत आज उपलब्ध नाही. कपाटात ठेवू म्हटलं तरी ठेवता येणार नाही. आणि व्ही. शांताराम यांचा 1937चा 'कुंकू' मला कपाटाबाहेर ठेवणं जमणार नाही. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटेंनी ती केली आहे. त्या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, घरातल्या वस्तूंचे आवाज तेवढे ऐकू येतात. भिंतीवरचं जुनं घड्याळ वाजतं तेव्हा घर किती रिकामं आहे ते कळतं. 1982चा 'उंबरठा' जब्बार पटेल यांचा. पण त्याची मूळ गोष्ट शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीची, आणि स्मिता पाटीलनं त्यातल्या सुलभाला जो चेहरा दिला तो तिचा स्वतःचा. तेव्हा बाई कुठं शिरली आहे हे नुसत्या दिग्दर्शकाच्या नावावरून कळत नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. चित्रपटातल्या बाईला स्वतःचं एखादं म्हणणं आहे का, आणि ते तिच्या तोंडून येतं का. सोसणारी, त्यागी, शेवटी सगळ्यांना माफ करणारी बाई मध्यभागी असली तरी तो चित्रपट मी घेत नाही. यावरून माझे आमच्या कमिटीशी वाद होतात आणि ते व्हायला हवेत.

तू इतिहासाची आहेस म्हणून एक खास तुझ्यासाठी. 1913 साली फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळेना, तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलं हे तुला माहीत असेल. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. पडद्यावरच्या पहिल्या बाया मायलेकी होत्या आणि मराठी होत्या. या कमलाबाई गोखले म्हातारपणी कशा बोलत, कशा हसत, हे रीना मोहन यांनी 1992 साली 'कमलाबाई' या माहितीपटात टिपून ठेवलं आहे. मिळवून पाहा. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एक ओळ असते. इथं त्या अख्ख्या आहेत, मध्येच चिडतातसुद्धा.

आई मागच्या वर्षी गेली. ती दर भारतभेटीत दादरहून मराठी चित्रपटांच्या सीड्या आणायची. दोन खोकी भरली आहेत. शिवाय माझ्या इथं घेतलेल्या डीव्हीडी. सगळं तुमच्या कपाटाला द्यावं असं वाटतं. — न्यू जर्सी

तुमच्या आईंनी आणलेल्या सगळ्या आनंदानं घेऊ. दादरला घेतलेल्या आहेत म्हणजे इथं लागतील. तुमच्या अमेरिकेत घेतलेल्या डीव्हीडी मात्र आधी तपासा. पाठीमागे पृथ्वीच्या गोळ्यात आकडा असतो. अमेरिकेचा 1, आपला 5. 1 लिहिलेली डीव्हीडी आपल्या साध्या प्लेअरवर लागत नाही. गोळ्यात 'ऑल' असेल तर पाठवा. व्हीसीडीला, म्हणजे चित्रपटाच्या साध्या सीडीला, ही भानगड नाही. वजन वाचवायला नुसत्या चकत्या पाठवू नका, कव्हरसकट पाठवा. बाया आधी कव्हर हातात घेऊन बघतात.

आणि एक विनंती. त्यातल्या काही कव्हरांवर आईंच्या हातचं काही लिहिलेलं असेल, तारीख, कुणाबरोबर पाहिला, तर त्या तुमच्याजवळच ठेवा. दिल्यात तर आम्ही जपून वापरू, पण त्या फिरत्या होतील. नीट विचार करा, घाई नाही.

कोकणातल्या पावसाळ्यात तुमच्या सीड्या टिकतात कशा? आमच्या घाटावर सुद्धा बुरशी येते. आणि 2021च्या पुरात काय झालं? — भोर

22 जुलै 2021. पाणी पहाटे शिरलं. मी घरी माडीवर अडकले होते, वाचनालयात तिसऱ्या दिवशी पोचले. कपाटाचं दार चिखलानं आतून दाबलं गेलं होतं, ते चौघींनी मिळून ओढलं. कागदी कव्हरांचा लगदा झाला होता, हातात धरला की गळून पडायचा. पुस्तकांचं काय झालं ते मला अजून लिहवत नाही.

चित्रपटांना मात्र आम्ही वाचवू शकलो, निदान बऱ्याच. ते कसं केलं ते सविस्तर सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. चिखल वाळू द्यायचा नाही. वाळला की पुसताना वाळूचा कण काच कापल्यासारखा ओरखडा काढतो. म्हणून आधी सगळ्या चकत्या स्वच्छ पाण्याच्या टबात बुडवून ठेवल्या. मग एकेक काढून, कडेला आणि मधल्या भोकात बोट घालून धरायची, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि नुसतं बोट. आतून बाहेर सरळ रेषेत पुसत न्यायचं, गोल गोल फिरवायचं नाही. गोल ओरखडा प्लेअरला वाचता येत नाही, आडवा पुष्कळदा चालून जातो. मग पुन्हा स्वच्छ पाणी. आणि वाळवायला कुणीतरी घरून ताटाळं आणलं. ताटांच्या जागी उभ्या चकत्या, सावलीत, पंख्याखाली. पाच घरांतली ताटाळी जमली. त्या आठवड्यात त्या पाच घरांत ताटं जमिनीवर होती.

त्यातून आम्हाला एक गोष्ट कळली. डीव्हीडी जवळजवळ सगळ्या वाचल्या, व्हीसीडी पुष्कळ गेल्या. कारण व्हीसीडीचा चंदेरी थर अगदी वर, छापील बाजूच्या खाली असतो. तो भिजून पापुद्र्यासारखा निघाला की चित्रपटच निघून येतो. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो. म्हणून व्हीसीडीची छापील बाजू जास्त जपा. तिच्यावर बॉलपेननं आकडा घालू नका, दाखल क्रमांक कव्हरवर लिहा.

बुरशीचं म्हणाल तर कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. चकत्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या मलमलच्या पिशवीत घालून ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी पिशव्या उन्हात. डांबराच्या गोळ्या अजिबात नको. त्यांनी प्लास्टिकची कव्हरं मऊ होऊन चिकटतात, आमची चिकटली आहेत.

पुरुषांना सभासद होता येतं का? — मिरज

होता येतं. आमच्याकडे काही आहेत. नोंदवहीत तेही स्वतःचं आणि आईचं नाव लिहितात.

चित्रपट परत आला नाही तर तुम्ही दंड किती घेता? — ग्रंथपाल, एक तालुका वाचनालय

दंड घेत नाही. आठव्या दिवशी आला नाही तर पंधराव्या दिवशी मी त्या वाटेनं जाते आणि सहज आल्यासारखी चहाला थांबते. सीडी हरवली असेल, मुलानं मोडली असेल तर बाई आधीच घाबरलेली असते. तिनं वाचनालयात पाऊल टाकणं थांबवू नये, एवढंच मला बघायचं असतं. अनामत त्यासाठीच घेतलेली आहे.

पुराच्या वेळी काही चित्रपट सभासदांच्या घरी होते. त्यातले बरेच परत आले, काही घरंच वाहून गेली त्यांचे आले नाहीत. आणि एक 'उंबरठा' आहे, पुराच्याही आधीपासून बाहेर. नेणारी बाई नंतर माहेरी राहायला गेली, तिथून नोकरीला लागली असं कळलं. कुठं राहते ते मला माहीत आहे. मी पत्र पाठवलेलं नाही. पाठवणारही नाही. कपाटासाठी मी दुसरी प्रत घेतली आणि नोंदवहीत तिच्या नावापुढचा 'परत' हा रकाना मोकळा ठेवला आहे.